रिचर्ड फाइनमन आणि सैनिकाचा गणवेश

आमच्या बेळगावात ज्या घरातले कोणी फौजेत नाही असे घर शोधावे लागते. मराठा लाइट इन्फंट्रीचे केंद्र गावातच आहे. पहाटे धावणारी रिक्रुट पोरे पाहतच आम्ही लहानाचे मोठे झालो. तेव्हा गेल्या वर्षी दुसऱ्या वर्षाच्या वर्गातील एका विद्यार्थ्याने तास संपल्यावर मला जो प्रश्न विचारला, त्यात नवल करण्यासारखे काही नव्हते. त्याचा थोरला भाऊ जवान आहे. सुट्टीवर आला की घरच्यांना तो अंगावरच्या ओझ्याबद्दल सांगतो. या विद्यार्थ्याने कुठेतरी वाचले होते की नॅनो तंत्रज्ञानाने असे कापड तयार होणार आहे की जे सदऱ्याइतके हलके असेल आणि गोळी अडवील. हे खरे का, सर, आणि हे सगळे सुरू कोणी केले, असे त्याने विचारले.

पहिल्या प्रश्नाचे उत्तर मी सावधपणे दिले. दुसऱ्याचे मात्र पटकन देऊन टाकले : रिचर्ड फाइनमन. तो समाधानाने गेला. माझे समाधान झाले नाही. एक तर ते उत्तर अर्धेच खरे होते. शिवाय शास्त्र आणि सैन्य यांच्या संबंधात या गृहस्थांचे आयुष्य असे काही गुंतलेले आहे की नुसते नाव सांगून सुटका करून घेणे हा विद्यार्थ्याला फसवण्याचाच प्रकार झाला. म्हणून हा लेख.

फाइनमन यांचा जन्म ११ मे १९१८ रोजी न्यूयॉर्क शहरात झाला. घराणे ज्यूंचे. वडील मेलव्हिल हे लहानपणी रशियन साम्राज्यातील मिन्स्क भागातून अमेरिकेत आलेले. त्यांना विज्ञानाचे अतोनात वेड. पण शिक्षण बेताचे आणि पोटासाठी नोकरी गणवेश विकणाऱ्या कंपनीत. माझ्या दृष्टीने ही नोकरी महत्त्वाची आहे. वर्तमानपत्रात एखाद्या बड्या माणसापुढे लोक वाकलेले आहेत असे छायाचित्र आले की मेलव्हिल ते मुलाला दाखवीत आणि विचारीत की या माणसात आणि बाकीच्यांत फरक काय. मग स्वतःच उत्तर देत की फरक टोपीचा आणि खांद्यावरच्या पट्ट्यांचा; हा माणूसही इतरांसारखाच जेवतो आणि झोपतो. गणवेश अंगावर चढण्यापूर्वी आणि उतरल्यानंतर माणूस कसा दिसतो हे धंद्यामुळे त्यांना ठाऊक होते! अधिकाराला न घाबरण्याचे जे बाळकडू रिचर्डला मिळाले ते असे. पुढे लॉस ॲलामॉसला नील्स बोर यांच्यासारखा दिगंतकीर्तीचा शास्त्रज्ञ आला, तेव्हा मोठ्यांच्या सभेपूर्वी त्याने या पंचविशीतल्या पोराला मुद्दाम बोलावून घेतले. कारण एवढेच की बोर चुकत असतील तर तोंडावर चूक म्हणणारा तो एकटाच होता.

शाळेत असताना रिचर्ड शेजाऱ्यांचे रेडिओ दुरुस्त करी. कोलंबिया विद्यापीठाने त्याला प्रवेश नाकारला. त्या काळी तेथे ज्यू विद्यार्थ्यांची संख्या मर्यादित ठेवीत. मग तो मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीत, म्हणजे एम.आय.टी.त गेला आणि १९३९ मध्ये पदवी घेऊन प्रिन्स्टनला आला. एम.आय.टी. हे नाव वाचकांनी लक्षात ठेवावे. ते पुढे पुन्हा यावयाचे आहे.

प्रिन्स्टनला प्रबंधाचे काम चालू असतानाच अमेरिका महायुद्धात उतरली. एक दिवस रॉबर्ट विल्सन हे तरुण प्राध्यापक फाइनमन यांच्या खोलीत आले आणि त्यांनी एक गुप्त गोष्ट सांगितली. युरेनियमची दोन समस्थानिके वेगळी करण्याची एक युक्ती त्यांना सुचली होती आणि त्यातून बाँब होऊ शकत होता. तीन वाजता बैठक होती. फाइनमन यांनी साफ नकार दिला, गुपित फोडणार नाही असा शब्द दिला आणि ते पुन्हा प्रबंधाकडे वळले. पण मन लागेना. जर्मनीत हिटलर होता आणि अणूचा भेद जर्मनीतच प्रथम झाला होता. हा बाँब त्याच्या हाती आधी पडला तर? तीन वाजता ते बैठकीला हजर झाले. आयुष्यातील एवढा मोठा निर्णय तीनचार मिनिटांच्या विचारात झाला. मला स्वतःला त्यात दोष दिसत नाही. त्या परिस्थितीत त्या जागी असलेल्या कोणाही ज्यू तरुणाने हेच केले असते असे मला वाटते.

त्याच उन्हाळ्यात, २९ जून १९४२ रोजी, त्यांनी आर्लीन ग्रीनबाउम हिच्याशी लग्न केले. शाळेपासूनची ओळख होती. आर्लीनला क्षयाने घेरलेले होते, आणि त्या काळी क्षयावर औषध नव्हते. घरच्यांचा विरोध होता. नोंदणीकचेरीत लग्न लावून नवरा आपल्या बायकोला तेथून थेट रुग्णालयात घेऊन गेला.

१९४३ च्या वसंतात ते दोघे न्यू मेक्सिको राज्यात आले. लॉस ॲलामॉसच्या पठारावर ओपेनहायमर यांच्या नेतृत्वाखाली अणुबाँबची प्रयोगशाळा उभी राहत होती. आर्लीनची सोय सुमारे शंभर मैलांवर, अल्बुकर्कच्या आरोग्यधामात केली होती. आठवडाभर गणिते करावयाची आणि शनिवारी रस्त्यावर उभे राहून, मिळेल त्या मोटारीला हात दाखवून तिच्याकडे जावयाचे, असा त्यांचा दोन वर्षांचा क्रम होता.

लॉस ॲलामॉसच्या त्यांच्या गमतीजमती पुष्कळ प्रसिद्ध आहेत : तिजोऱ्या उघडणे, टपाल तपासणाऱ्या अधिकाऱ्यांना सतावणे, वगैरे. त्या सोडून देतो. दोन गोष्टी मात्र सांगितल्याच पाहिजेत. युरेनियम शुद्ध करण्याचा कारखाना टेनेसी राज्यात ओक रिज येथे होता. तेथील कामगारांना हे काय आहे ते सांगितलेले नव्हते. लष्कराला गुप्तता हवी होती. त्यामुळे युरेनियमची द्रावणे शेजारीशेजारी साठवली जात. पाण्यात न्यूट्रॉन मंदावतात आणि अशा साठ्यात साखळीक्रिया सुरू होण्याचा धोका कितीतरी वाढतो, हे त्या बिचाऱ्यांना कोण सांगणार? फाइनमन तेथे पाठवले गेले. कामगारांना खरे काय ते सांगितल्याशिवाय सुरक्षिततेची जबाबदारी लॉस ॲलामॉस घेणार नाही, असा पवित्रा त्यांनी घेतला आणि लष्कराला तो मानावा लागला.

दुसरी गोष्ट गणनायंत्रांची. बाँबच्या स्फोटाची आकडेमोड छिद्रे पाडलेल्या कार्डांवर चालणाऱ्या आय.बी.एम. यंत्रांवर होत असे. यंत्रे चालविणारी मुले सैन्यातून निवडून आणलेली, हुशार. पण आकडे कशाचे हे त्यांना ठाऊक नव्हते. नऊ महिन्यांत तीन गणिते झाली होती. फाइनमन यांनी ओपेनहायमर यांच्याकडून परवानगी मिळवली आणि मुलांना सगळे समजावून सांगितले. मग मुले रात्रपाळी मागून घेऊ लागली, नव्या युक्त्या शोधू लागली. पुढच्या तीन महिन्यांत नऊ गणिते झाली.

आपण हे का करीत आहोत हे कळले की माणूस किती वेगळे काम करतो, हे ज्या माणसाला इतके स्वच्छ समजले होते, त्याने स्वतःला तो प्रश्न पुन्हा विचारला नाही. फाइनमन यांच्या चरित्रातील ही गाठ मला आजवर नीट सुटलेली नाही.

८ मे १९४५ रोजी जर्मनीची शरणागती झाली. ज्या एका कारणासाठी तीन वाजताच्या बैठकीला ते गेले होते, ते कारण उरले नाही. जर्मनी बाँब करीत नाही असे कळताच १९४४ च्या अखेरीस जोसेफ रोटब्लॅट हे शास्त्रज्ञ लॉस ॲलामॉस सोडून गेले होते. त्यांच्यावर हेरगिरीचा संशयही घेतला गेला. पुढे १९९५ मध्ये त्यांना शांततेचे नोबेल मिळाले. फाइनमन थांबले नाहीत. थांबावे की नाही याचा विचारसुद्धा आपल्या मनात आला नाही, आणि हीच आपली नैतिक चूक, असे त्यांनी स्वतःच पुढे अनेकदा सांगितले आहे. तेथे राहण्याचा निर्णय चुकला असता की नाही, हा वेगळा प्रश्न. निर्णय घ्यावयाचाच राहून गेला, हे त्यांना सलत राहिले.

अर्थात त्या दिवसांत त्यांचे मन कोठे होते हेही विसरून चालणार नाही. आर्लीन सरत चालली होती. १६ जूनला निरोप आला. फाइनमन यांनी क्लाउस फुक्स या सहकाऱ्याची मोटार मागून घेतली. हाच फुक्स रशियाला बाँबची माहिती पुरवीत होता हे १९५० मध्ये उघडकीला आले. पण त्या दिवशी तो एक भला शेजारी होता. वाटेत चाके पंक्चर झाली. फाइनमन पोचल्यावर काही तासांतच आर्लीन गेली. ते कामावर परतले, आणि सहकाऱ्यांना या विषयावर बोलू दिले नाही. रडू आले ते काही आठवड्यांनी, ओक रिजमध्ये. एका दुकानाच्या काचेआड टांगलेला झगा दिसला आणि हा आर्लीनला आवडला असता असा विचार मनात आला, तेव्हा.

बरोबर एका महिन्याने, १६ जुलैच्या पहाटे, न्यू मेक्सिकोच्या वाळवंटात पहिल्या अणुबाँबची चाचणी झाली. वीस मैलांवर उभ्या असलेल्यांना काळे चष्मे दिले होते. फाइनमन ट्रकमध्ये, समोरच्या काचेमागे बसले. डोळ्यांना खरा अपाय जंबुपार किरणांचा आणि ते काचेतून येत नाहीत, असा त्यांचा हिशोब. आवाज पोचायला सुमारे दीड मिनिट लागले. त्यानंतर सगळीकडे जल्लोष झाला. फाइनमन एका जीपवर बसून ढोल बडवीत होते. एकच माणूस खिन्न बसला होता : त्यांना या कामात ओढणारे रॉबर्ट विल्सन. आपण एक भयंकर वस्तू निर्माण केली, असे ते म्हणाले. फाइनमन यांना त्यांचे ते बोलणे तेव्हा कळले नाही. ६ ऑगस्टला हिरोशिमा आणि ९ ऑगस्टला नागासाकी.

कळले ते न्यूयॉर्कमध्ये. युद्ध संपल्यावर ते एकदा तेथील एका उपाहारगृहात बसले होते. बाहेर इमारती पाहता पाहता मनात नकाशा उभा राहिला : बाँब येथे पडला तर विध्वंस कोणत्या रस्त्यापर्यंत जाईल. कोठे पूल बांधताना लोक दिसले की ही माणसे वेडी आहेत, कशाला बांधतात, असे त्यांना वाटे. १९४६ च्या ऑक्टोबरात वडीलही वारले. त्याच महिन्यात त्यांनी मृत आर्लीनला एक पत्र लिहिले आणि पाकीट बंद करून ठेवून दिले. ते उघडले गेले ते त्यांच्या स्वतःच्या मृत्यूनंतर. याच सुमारास सैन्यभरतीच्या तपासणीत लष्कराच्या मानसोपचारतज्ज्ञांनी त्यांना मानसिकदृष्ट्या अपात्र ठरविले!

लॉस ॲलामॉसला असताना जॉन फॉन नॉयमन यांनी त्यांना एक सल्ला दिला होता. आपण ज्या जगात राहतो त्याची जबाबदारी आपल्यावर असलीच पाहिजे असे नाही, असा त्याचा आशय. या सल्ल्यामुळे आपण सुखी झालो, असे फाइनमन सांगत. मला हा सल्ला पटत नाही, आणि फाइनमन यांनाही तो पुरता पचला होता असे वाटत नाही. विज्ञान माणसाला सामर्थ्य देते, पण ते कसे वापरावे याच्या सूचना त्याबरोबर येत नाहीत, हा विषय त्यांनी १९५५ मधील एका व्याख्यानात स्वतःहून काढला. ज्याला जबाबदारीचे काहीच वाटत नाही तो हा विषय कशाला काढील?

कॉर्नेल विद्यापीठाच्या भोजनगृहात कोणीतरी हवेत उडवलेली बशी डगमगताना पाहून ते पुन्हा गणिताकडे कसे वळले, ही कथा सर्वश्रुत आहे. त्यातून प्रकाश आणि इलेक्ट्रॉन यांच्या परस्परक्रियेचा त्यांचा सिद्धांत पुरा झाला आणि १९६५ चे नोबेल पारितोषिक श्विंगर आणि तोमोनागा यांच्याबरोबर विभागून मिळाले. मला येथे एकच गोष्ट नोंदवावीशी वाटते. श्विंगर युद्धात अमेरिकेच्या रडारवर काम करीत होते, आणि तोमोनागा तिकडे जपानी नौदलासाठी सूक्ष्मलहरींच्या नळ्यांवर. पारितोषिक तिघांना एकाच शोधाबद्दल मिळाले. युद्धात ते एकमेकांच्या विरुद्ध बाजूंना होते.

आता आमच्या विद्यार्थ्याच्या प्रश्नाकडे येतो. २९ डिसेंबर १९५९ रोजी, पॅसाडेना येथे, अमेरिकन फिजिकल सोसायटीच्या अधिवेशनात फाइनमन यांनी एक व्याख्यान दिले. तळाशी अजून भरपूर जागा आहे, असा त्याच्या शीर्षकाचा अर्थ. एनसायक्लोपीडिया ब्रिटानिकाचे चोवीसही खंड एका टाचणीच्या माथ्यावर लिहिता येतील का, असा प्रश्न त्यांनी टाकला आणि हिशोब मांडला : अक्षरे पंचवीस हजार पटींनी लहान केली की झाले. तरीही प्रत्येक ठिपक्याच्या वाट्याला पुरेसे अणू उरतात. मग याहून पुढे जाऊन त्यांनी अतिसूक्ष्म यंत्रे, सूक्ष्म संगणक, रक्तवाहिनीत शिरून हृदयाची दुरुस्ती करणारे औजार, आणि अखेर एकेक अणू उचलून हवा तेथे ठेवण्याची शक्यता सांगितली. निसर्गाचा कोणताही नियम याच्या आड येत नाही, आपण केवळ फार मोठे असल्यामुळे आजवर ते केलेले नाही, हा मुद्दा. श्रोत्यांपैकी काहींना ही गंमतच वाटली. एवढ्या मोठ्या व्याख्यानात शस्त्रांची गोष्ट नाही. चौदा वर्षांपूर्वी जीपवर ढोल बडवणारा माणूस बोलतो आहे हे लक्षात ठेवून ते वाचले म्हणजे ही अनुपस्थिती जाणवते.

शेवटी त्यांनी हजार हजार डॉलरांची दोन बक्षिसे जाहीर केली. एक सूक्ष्म लेखनाला, दुसरे इंचाच्या चौसष्टाव्या भागाएवढ्या विजेच्या मोटारीला. दुसरे बक्षीस वर्षभरातच गेले. विल्यम मॅकलेलन नावाचा अभियंता १९६० च्या नोव्हेंबरात सूक्ष्मदर्शक घेऊन आला आणि त्याने खरोखरच फिरणारी मोटार दाखविली. ती त्याने घड्याळजीच्या साध्या हत्यारांनी केली होती! नवे तंत्र निघावे अशी फाइनमन यांची अपेक्षा. ते काहीसे हिरमुसले, पण पैसे त्यांनी पदरचे दिले. वर असेही कळविले की आता लग्न झाले आहे, घर घेतले आहे, तेव्हा कृपा करून सूक्ष्म लेखनाच्या मागे लागू नये. ते बक्षीस १९८५ मध्ये टॉम न्यूमन या स्टॅनफर्डच्या विद्यार्थ्याने इलेक्ट्रॉनशलाकेने डिकन्सच्या एका कादंबरीचे पहिले पान कोरून मिळविले.

माझे उत्तर अर्धेच खरे असे मी वर म्हटले ते एवढ्यासाठी की हे व्याख्यान वीसएक वर्षे जवळजवळ कोणी वाचलेच नाही. नॅनो तंत्रज्ञान हा शब्द १९७४ मध्ये नोरिओ तानिगुची या जपानी शास्त्रज्ञाने वापरला. अणू दाखविणारा सूक्ष्मदर्शक १९८१ मध्ये झुरिकला बिनिग आणि रोरर यांनी केला. १९८६ मध्ये चॅलेंजर अवकाशयानाच्या अपघाताची चौकशी करताना फाइनमन यांनी बर्फाच्या पाण्यात रबराचा तुकडा बुडवून दाखविला आणि साऱ्या अमेरिकेला ते माहीत झाले. पण तेव्हा कर्करोगाने त्यांना गाठलेले होते. १५ फेब्रुवारी १९८८ रोजी ते वारले. झेनॉनचे पस्तीस अणू एकेक करून मांडून अक्षरे लिहिली गेली ती १९८९ मध्ये. म्हणजे आपले म्हणणे खरे झालेले त्यांनी पाहिले नाही.

त्यानंतर सरकारे आली. २००० च्या जानेवारीत अमेरिकेच्या अध्यक्षांनी नॅनो तंत्रज्ञानाची राष्ट्रीय योजना जाहीर केली, ती फाइनमन यांच्याच संस्थेत, कॅलटेकमध्ये, त्यांचे नाव घेऊन. संरक्षण खाते त्यात आरंभापासून होते. आणि २००२ मध्ये अमेरिकन लष्कराने पाच वर्षांसाठी पाच कोटी डॉलर देऊन सैनिकांसाठी नॅनो तंत्रज्ञानाची एक खास संस्था काढली. ती एम.आय.टी.त. तिचे काम, थोडक्यात सांगावयाचे तर, सैनिकाचा नवा गणवेश : हलका, स्फोटाचा आणि गोळीचा मारा कमी करणारा, विषारी वायू ओळखणारा, जखमेची खबर देणारा. गणवेश विकणाऱ्याच्या मुलाने दाखविलेली वाट फिरून गणवेशापाशी आली, हे वाचून मी क्षणभर थबकलो.

पण वस्तू लहान केली म्हणजे नेमके होते काय? एक सेंटिमीटरच्या ठोकळ्याचे पृष्ठफळ सहा चौरस सेंटिमीटर. त्याचे नॅनोमीटरभर बाजूचे ठोकळे केले तर, वस्तुमान तेवढेच राहून, पृष्ठफळ सहा हजार चौरस मीटर होते; आमच्याकडच्या भाषेत दीड एकर रान. सगळी रासायनिक क्रिया पृष्ठभागावर चालते. म्हणून ओंडका सावकाश जळतो आणि भुसा भडकतो. विषारी वायूचा मागमूस घेणारी पट्टी इतकी संवेदनशील होते ती याच कारणाने, आणि ॲल्युमिनियमची सूक्ष्म भुकटी धातूच्या ऑक्साइडात मिसळली की ती क्षणार्धात प्रचंड उष्णता देते तीही याच कारणाने. पट्टी जवानाला वाचवते. भुकटी स्फोटकात जाते. गणित दोन्हीकडे एकच आहे.

जाता जाता एक सांगतो. २००६ मध्ये जर्मन संशोधकांनी सतराव्या शतकातील एका दमास्कस तलवारीच्या पोलादात कार्बनच्या नॅनोनलिका सापडल्याचे प्रसिद्ध केले. अशा तलवारींचे पोलाद दक्षिण हिंदुस्थानातून जाई, आणि इंग्रजीतील त्याचे नाव वूट्झ हे कानडी उक्कु या शब्दावरून आले असे मानतात. आमच्या अंकाच्या कन्नड विभागाने यावर अवश्य लिहावे.

हे सारे मी त्या विद्यार्थ्याला पुढच्या आठवड्यात सांगितले. त्याने शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाला की हे ठीक आहे, सर, पण भावाचे ओझे कमी झाले पाहिजे. यावर मला काही बोलता आले नाही. त्याचे म्हणणे खरे होते. हिटलरची भीतीसुद्धा खरीच होती.

ग्रंथालयात फाइनमन यांच्या व्याख्यानांचे तीन खंड आहेत. पहिल्या खंडाच्या पहिल्याच प्रकरणात पाण्याचा थेंब अब्जपट मोठा करून काढलेली आकृती आहे. ती त्याला दाखविली. आकृती त्याने बराच वेळ न्याहाळली आणि भाऊ सुट्टीवर आला आहे, त्याला दाखवायचे आहे, म्हणून खंड घरी मागितला. संदर्भग्रंथ विद्यार्थ्याला बाहेर देत नाहीत, म्हणून मी तो माझ्या नावावर काढून दिला. अद्याप परत आलेला नाही, आणि ग्रंथपाल मला दर सोमवारी आठवण करतात.